जानवसा गेला, लॉज आला...

तुळशीचं लग्न लागलं, की आमच्या हातकणंगले तालुक्यात घराघरांत एकच विषय सुरू होतो. मुहूर्त कितीचा, कार्यालय कुठलं, आचारी कोण, बस्ता गांधीनगरला बांधायचा की कोल्हापुरात, पैंजण-जोडवी हुपरीत करून घ्यायची की तयारच आणायची... चर्चेला अंत नसतो. पत्रिकेतल्या नावांच्या क्रमावरून तर दोन-दोन रात्री जागवल्या जातात. पण एक प्रश्न शेवटच्या आठवड्यापर्यंत कुणाच्या डोक्यात येत नाही. बाहेरगावच्या पाहुण्यांना उतरवायचं कुठं?

आणि येतो तेव्हा तो बहुतेक वेळा घरातल्या बाईच्याच डोक्यात येतो. पुरुष मंडळी "बघू की, दोन लॉज सांगून ठेवू" म्हणून मोकळी होतात. हळदीच्या रात्री अकरा वाजता मुंबईच्या आत्याबाई बॅगा घेऊन दारात उभ्या राहिल्या, की "वैनी, ह्यांना कुठं झोपवायचं?" हा प्रश्न मात्र वैनीलाच विचारला जातो. बचत गटांच्या कामामुळं तालुक्यातल्या बऱ्याच गावांत माझं जाणं-येणं असतं. लग्नघरात शिरलं, की मी रुखवत बघायच्या आधी नवरीच्या आईचा चेहरा बघते. पाहुण्यांची सोय लागलीय की नाही, ते तिथंच कळतं!

आपल्याकडं या सोयीला एक जुना शब्द आहे, जानवसा. वराकडच्या मंडळींना उतरायला दिलेलं घर म्हणजे जानवसा किंवा जानवसघर. वेशीवर सीमांतपूजन झालं, की वऱ्हाड वाजतगाजत तिकडं जायचं. तिथं पाण्याचे हंडे भरलेले, अंघोळीला बंब पेटवलेला, चहा-फराळ, पानसुपारी, आणि हाकेला ओ द्यायला मुलीकडचा एक शहाणा माणूस कायम उभा. बाकीचे पाहुणे भावकीत आणि शेजारीपाजारी वाटून दिले जायचे. चार माणसं पाटलांच्या सोप्यात, सहा शाळेच्या खोलीत, तरणी पोरं तालमीत नाहीतर देवळाच्या ओवरीत. मांडववाल्याकडनं गाद्या आणि जाजमं यायची. एका घरातलं लग्न म्हणजे सगळ्या गल्लीचं लग्न असायचं.

ते सगळं सोन्यासारखं होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. गल्लीतला ओलावा खरा होता, पण हाल बायकांचेच व्हायचे. पन्नास बायकांत एक न्हाणीघर. अंधार आहे तोवर बाहेर जाऊन यायचं, नाहीतर दिवसभर पोट दाबून बसायचं. तान्हं मूल घेऊन आलेली बाई आडोसा शोधत फिरायची. आणि जानवसघरात पाणी जरा गार निघालं किंवा चहा उशिरा गेला, की विहीणबाई रुसल्याच म्हणून समजा. मुलीच्या बापानं टोपी काढून समजूत घालायची. हे चित्र आपल्यापैकी अनेकींनी डोळ्यांनी बघितलंय.

आता घरं लहान झाली, सोपे गेले, फ्लॅट आले. शेजाऱ्याच्या घरीही दोन खोल्यांत पाच माणसं. नातलग मुंबई-पुण्यात, बेंगळुरूला, काही परदेशात. त्यांना स्वतंत्र संडास-बाथरूम लागतं, आणि ते मागण्यात काही गैर नाही. म्हणून जानवसा गेला आणि लॉज आला. शब्द बदलला, पण त्यामागचे दोन प्रश्न तसेच राहिले. सोय कोण बघणार? आणि पैसे कोण देणार?

आधी सोयीचं बोलू.

हातकणंगले हे तालुक्याचं गाव. रेल्वे स्टेशन आहे, कोल्हापूर-सांगली रस्ता आहे. चोकाक, अतिग्रे, हेर्लेपर्यंत या रस्त्याला कार्यालयं आणि लॉन दिसतात. हजार पानं उठतील एवढी जागा सहज मिळते. पण तीस माणसं नीट झोपतील एवढ्या चांगल्या खोल्या एका ठिकाणी मिळवायच्या म्हटलं, की इचलकरंजी, जयसिंगपूर किंवा थेट कोल्हापूर गाठावं लागतं. इचलकरंजी दहा किलोमीटरच्या आसपास, जयसिंगपूर पंधराच्या आतबाहेर, कोल्हापूर वीस-बावीस. म्हणजे खोली घेतली की गाडीची सोयही आलीच. कोल्हापुरातली खोली दोनशे रुपयांनी स्वस्त मिळाली म्हणून दहा खोल्या घेतल्या, आणि माणसं ने-आण करायला दोन दिवस गाड्या लावल्या, तर स्वस्ताई कुठं राहिली? खोलीचं भाडं आणि गाडीचं भाडं एकाच कागदावर मांडून मगच ठरवावं.

दुसरी गोष्ट तारखेची. चातुर्मासात मुहूर्त नसतात, त्यामुळं सगळी लग्नं पुढच्या थोड्या तारखांवर येऊन पडतात. त्यात कोल्हापूर म्हणजे अंबाबाईचं गाव. दिवाळीच्या सुट्टीत, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, मे महिन्यात तिथं खोली मिळणं मुश्कील. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जानेवारी संपता संपता देवळात किरणोत्सव असतो, त्यालाही लोक लांबून येतात. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा, लाखो माणूस. तुम्ही पंचांगात मुहूर्त बघता ना, मग त्याच पानावर या तारखाही बघा. यात्रेच्या आदल्या दिवशीची हळद असेल, तर खोल्यांचं तीन-चार महिने आधी ठरवायला हवं. तेव्हा दर वाढलेले असतात, आणि "दोन खोल्या आहेत, दहा नाहीत" हे उत्तर ऐकावं लागतं.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि इथंच सगळे फसतात. मुंबईहून रात्री सुटलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी कोल्हापुरात पोचते. ट्रॅव्हल्सच्या गाड्या तर पहाटेच माणसं उतरवून जातात. आणि बहुतेक लॉजवर खोली ताब्यात मिळते दुपारी बाराला. मग मधले पाच-सहा तास पाहुण्यांनी काय करायचं? रात्रभर प्रवास करून आलेली सत्तरीची काकू लॉजच्या बाकड्यावर पेंगत बसते आणि नवरीची आई फोनवर फोन करत राहते. तसाच घोळ निघताना. मुहूर्त साडेबाराचा आणि खोली सोडायची वेळ बाराची! अक्षता पडायच्या वेळी पाहुणे बॅगा भरत असतात. यावर उपाय साधा आहे. दहापैकी दोन खोल्या आदल्या रात्रीपासून घ्या, म्हणजे पहाटे येणाऱ्यांना अंग धुऊन पाठ टेकता येते. लग्नाच्या दिवशीही दोनच खोल्या संध्याकाळपर्यंत ठेवा. सगळ्यांचं सामान तिथं, साड्या बदलणं तिथं. दहाच्या दहा खोल्यांचं जादा दिवसाचं भाडं वाचतं.

आणि हो, पाहुण्यांना उतरायचं ठिकाण नीट सांगा. आपल्या तोंडात "तावडे हॉटेलला उतरा" असं सहज येतं. आपल्याला माहीत असतं, की ते कोल्हापूरच्या तोंडाशी असलेल्या चौकाचं नाव आहे. नागपूरच्या माणसाला वाटतं, आपली खोली तिथंच आहे! हातकणंगलेला यायचं असेल, तर पुण्याकडून येणाऱ्याला शिरोलीचा सांगली फाटा सोयीचा, हे पत्रिकेसोबत लिहून पाठवलं तर काय बिघडतं? रेल्वेनं येणाऱ्यांना त्यांची गाडी हातकणंगलेला थांबते, की मिरजेला किंवा कोल्हापूरला उतरावं लागेल, हेही आधीच बघून कळवावं.

आता खोल्या एकगठ्ठा ठरवण्याबद्दल. हल्ली त्याला सगळे "ब्लॉक करणं" म्हणतात. त्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक समजून घेतलाच पाहिजे. पहिल्या प्रकारात हॉटेल तुमच्या लग्नासाठी ठरावीक खोल्या ठरावीक दरात एका तारखेपर्यंत राखून ठेवतं. त्या तारखेपर्यंत जेवढ्या पक्क्या झाल्या तेवढ्या तुमच्या, उरलेल्या ते दुसऱ्याला देतं. तुमच्या डोक्यावर बोजा नाही. दुसऱ्या प्रकारात तुम्ही विसार देऊन दहा खोल्या पक्क्या करता. मग आठच भरल्या तरी पैसे दहाचे. आपल्या भागात बोलणी तोंडी होतात, आणि आपण पहिला प्रकार समजून चालतो. हॉटेलवाला दुसरा समजून चालतो. भांडण होतं ते वरात गेल्यावर.

म्हणून एका साध्या कागदावर हे लिहून घ्या. खोल्या किती, एका खोलीत माणसं किती, एका रात्रीचा दर किती, त्यात कर धरलाय की नाही. जादा गादीचे किती. नाश्ता आहे का. ताब्यात कधी मिळणार, सोडायची कधी. विसार किती दिला. कुठल्या तारखेपर्यंत रद्द केलं तर किती परत मिळणार. खाली मॅनेजरची सही आणि पावती. मॅनेजर ओळखीचा असला तरी हे करा, उलट ओळख असली की जास्त करा. पैशावरून ओळखी तुटायला नकोत. कागद हातात असेल आणि तरीही कुणी शब्द फिरवला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, तिथं तक्रार करता येते. कागदच नसेल तर तक्रार तरी कशाच्या जोरावर करणार?

कराचंही सांगते, कारण बिल हातात आलं की तिथंच डोळे विस्फारतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंत भाडं असलेल्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे. त्याआधी तो १२ टक्के होता. साडेसात हजारांच्या वरच्या खोलीला १८ टक्के. समजा, दोन हजार रुपयांच्या दहा खोल्या दोन रात्रींसाठी घेतल्या. भाडं झालं ४० हजार, कर २ हजार, एकूण ४२ हजार. जुन्या दरानं हेच बिल ४४ हजार ८०० झालं असतं. कुणी अजून १२ टक्के लावत असेल, तर तिथंच विचारा, लाजू नका. आपण भाजीवाल्या मावशीकडं कोथिंबिरीसाठी घासाघीस करतो, आणि ४२ हजारांचं बिल न वाचता सही करतो, हे काही बरं नव्हे.

हॉटेलशिवायही मार्ग आहेत. बऱ्याच कार्यालयांत वर-वधू पक्षाला खोल्या मिळतात, त्या किती आणि कशा आहेत, हे स्वतः जाऊन बघावं. कोल्हापूरला तर परगावच्या पोरांना निवारा देण्याची मोठी परंपरा. राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळावर १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं आणि पुढं एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. आजही मे महिन्यात शाळा-कॉलेजांची वसतिगृहं रिकामी असतात. संस्थेचे नियम परवानगी देत असतील, तर तरुण मंडळींची सोय तिथं होऊ शकते. साखर कारखान्यांची, सूतगिरण्यांची विश्रामगृहं ओळखीनं मिळतात. शासकीय विश्रामगृहावर मात्र सगळी भिस्त ठेवू नये. ऐन वेळी कुणी साहेब आले, की आपली खोली जाते. बाहुबलीला, नृसिंहवाडीला राहण्याची सोय आहे, पण ती यात्रेकरूंसाठी आहे. तिथले नियम पाळायची तयारी असलेल्यांनीच तिकडं जावं.

आता दुसरा प्रश्न, पैशांचा. यासाठीच मी आज लिहायला बसले.

आमच्या एका गटातल्या भगिनीची गोष्ट सांगते. नाव-गाव सांगत नाही. नवरा यंत्रमागावर कामाला, ती शिवणकाम करते. मुलीचं लग्न ठरलं. मुलाकडची माणसं चांगली, हुंडा नको म्हणाली. हिला आनंदानं रडू आलं. पण उठता उठता मुलाचे मामा म्हणाले, "आमचं काही मागणं नाही. फक्त आमची चाळीस माणसं बाहेरगावची आहेत, त्यांची जरा एसी रूममध्ये सोय करा." आता "फक्त" या शब्दाची किंमत किती? वीस खोल्या, दोन रात्री, येण्या-जाण्याच्या गाड्या. घरात नव्हते म्हणून तिनं गटातून कर्ज काढलं. लग्नाच्या दिवशी कळलं, की चाळीसपैकी पंधराजण सकाळी थेट कार्यालयात आले आणि जेवून परत गेले. सहा-सात खोल्यांचं कुलूपसुद्धा उघडलं नव्हतं. भाडं मात्र सगळ्या खोल्यांचं द्यावं लागलं. मुलगी सासरी सुखात आहे, जावई गुणी आहे. पण मासिक बैठकीत हप्ता भरताना ती एकदा म्हणाली, "ताई, कुलपांचं व्याज भरतीया बघा मी."

हुंडा देणं-घेणं १९६१ च्या कायद्यानं गुन्हा आहे, हे आता सगळ्यांना पाठ आहे. म्हणून मागणीनं कपडे बदलले. रोख नको, पण लग्न "जरा चांगलं" करून द्या. सोनं तुमच्या खुशीनं, पण आमच्या माणसांची सोय "व्यवस्थित" बघा. जानवशाच्या काळात मुलीकडच्यांनी सोय बघायची, ही रीत होती. पण तेव्हा लागायची ती शेजाऱ्याची खोली, तालमीतली जागा आणि गल्लीची मदत. आता त्याच रीतीला दर रात्रीचा दर चिकटलाय. रीत जुनी आणि बिल नवं, असा हा मामला आहे. गल्लीनं वाटून उचललेला भार आज एकट्या बापाच्या आणि आईच्या खांद्यावर येतो.

मग काय करायचं? माझ्या मते हे सुपारी फुटते त्याच बैठकीत बोलायचं. याद्या होतात ना, मानपानाच्या साड्या किती, टोपी-टॉवेल किती, सगळं लिहिलं जातं. त्याच यादीत एक ओळ घाला, 'उतरण्याची सोय'. आपापल्या पाहुण्यांच्या खोल्यांचा खर्च ज्यानं त्यानं करायचा, ही सगळ्यात सरळ वाट. ठरवाठरवीचं काम मात्र ज्यांच्या गावात लग्न आहे त्यांनी करावं, कारण त्यांना जागा माहीत असतात. मी असं एक लग्न बघितलंय. मुलाचे वडील स्वतः म्हणाले, "व्याही, तुम्ही फक्त लॉज दाखवा. पैसे मी देतो, माणसं माझी आहेत." त्या एका वाक्यानं दोन घरांचं नातं जुळलं. त्यांच्या विहीणबाईंना पुढं कधी रुसायची वेळच आली नाही!

परदेशातल्या आपल्या मराठी कुटुंबांत तर याहून वेगळी पद्धत रुळलीय. अमेरिकेत लग्नाच्या आमंत्रणाबरोबरच हॉटेलचं नाव, ठरवून घेतलेला दर आणि कुठल्या तारखेपर्यंत खोली घ्यायची ते कळवतात. पाहुणा आपली खोली आपण घेतो, पैसेही आपणच भरतो. आपल्याला हे ऐकून चमत्कारिक वाटतं. पाहुण्याला भाडं भरायला लावायचं? आपल्या आजीनं ऐकलं असतं, तर काय म्हणाली असती! मीही म्हणत नाही, की उद्यापासून सगळ्यांनी असंच करा. गावाकडनं आलेल्या काकांना बिल दाखवणं आपल्या मनाला पटायचं नाही. पण त्यातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. पाहुण्याला सगळी माहिती दोन महिने आधी मिळते, आणि ज्याला परवडतं तो आपण होऊन भार उचलतो. चांगल्या नोकरीतल्या भाच्यानं "मामा, माझ्या खोलीचं मी बघतो" म्हटलं, तर त्यात मामाचा अपमान मानू नये. तो भाच्याचा आहेर समजावा.

आणि आमच्याकडची 'यादी पे शादी' विसरू नका. यादी करायला बसलेल्या बैठकीतच लग्न लावून मोकळं व्हायचं. पाहुणे घरचेच, संध्याकाळी आपापल्या घरी. ज्यांना झेपत नाही त्यांनी हे करावं, यात कमीपणा नाही. उलट आता शिकली-सवरलेली पोरंच हट्टानं असं करतात.

खर्चाचं ठरलं, आता राहिली माणसं. खोल्या घेतल्या म्हणजे सोय झाली असं नाही, हे मी महापुरात शिकले. आमच्या तालुक्याला पंचगंगा आणि वारणा अशा दोन नद्यांचा काठ आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पाणी आलं, तेव्हा शाळांत, कार्यालयांत निवारा केंद्रं उघडली. तिथं आम्ही बायकांनी पहिलं काम केलं ते वहीत यादी करायचं. नाव, वय, कुणाला साखरेचं औषध आहे, कुणाला जिना चढता येत नाही, कुणाजवळ तान्हं आहे. ती यादी नसती, तर गाद्या असूनही गोंधळ झाला असता. लग्नातही अगदी हीच वही लागते.

गुडघे दुखणाऱ्या आजीला तळमजल्यावरची, कमोडची खोली. लिफ्ट आहे असं सांगतात, पण ती चालू आहे का ते बघून या. लेकुरवाळीला कोपऱ्यातली शांत खोली. एकट्या आलेल्या विधवा मावशीला "कुठंतरी होईल सोय" म्हणून बायकांच्या गर्दीत ढकलू नका. तिचं नाव यादीत आधी लिहा. मुलीच्या मैत्रिणी एकत्र आणि घरातली एक जाणती बाई त्यांच्या शेजारच्या खोलीत. तरण्या पोरांना हॉलमध्ये गाद्या टाकल्या तरी त्यांची मजाच असते. गाडीचे ड्रायव्हर रात्रभर गाडीतच अवघडून झोपतात. आपली सगळी माणसं त्यांच्याच जिवावर घाट उतरून आलेली असतात. त्यांनाही एक खोली, दोन वेळचं पान वेगळं सांगावं लागू नये.

गरम पाणी किती वाजता येतं, हे विचारून घ्या. सोलरचं पाणी पहिल्या चार अंघोळींत संपतं, आणि सकाळी सातला सगळ्याच बायकांना न्हायचं असतं. आरसा, साड्यांना इस्त्री, दूध गरम करायची सोय, हे बारीकसारीक प्रश्न पुरुष विचारत नाहीत. म्हणून लॉज बघायला जाताना घरातली एक बाई गेलीच पाहिजे. दागिने खोलीत ठेवून सगळ्यांनी मांडवात जाऊ नये, हे तर सांगायलाच नको.

ओळखपत्राचंही आधीच कळवा. लॉजवर प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र मागतात. आधारची प्रत द्यायची तर नंबर झाकलेलं, शेवटचे चारच आकडे दिसणारं आधार काढता येतं. ते चालेल का, हे आधी विचारून ठेवावं. काही ठिकाणी त्याच गावचा पत्ता असलेल्या माणसाला खोली देत नाहीत. इचलकरंजीच्या चुलतभावाला पाहुण्यांसोबत तिथल्याच लॉजवर झोपायचं असेल, तर मॅनेजरला आधी सांगून ठेवावं, नाहीतर रात्री बाराला वाद. परदेशी पासपोर्ट घेतलेला भाचा येणार असेल, तर त्याचा पासपोर्ट आणि व्हिसा किंवा ओसीआय कार्ड सोबत हवं. अशा पाहुण्याची माहिती हॉटेलला चोवीस तासांच्या आत सरकारकडं कळवावी लागते.

आणि ही वही नवरीच्या आईच्या हातात देऊ नका! घरातली दोन माणसं नेमा, एक बाई आणि एक पुरुष. चाव्या, यादी, गाड्यांच्या वेळा, सगळं त्यांच्याकडं. त्यांचे फोन नंबर पत्रिकेबरोबरच्या चिठ्ठीवर छापा. लेकीच्या लग्नात आईला लेकीजवळ बसता आलं पाहिजे. हळद लागताना तिच्या कानाशी कुणी "खोली नंबर पाचमध्ये पाणी नाही" म्हणून यायला नको.

शेवटी दोन शब्द पाहुण्यांसाठी, कारण कधी आपण यजमान असतो, तर कधी पाहुणे. येणार असाल तर किती जण, कुठल्या गाडीनं, किती रात्री, हे पंधरा दिवस आधी कळवा. येणार नसाल तर तेही कळवा. "बघू, जमलं तर येतो" हे उत्तर आपल्याला सोपं वाटतं, पण तिकडं एक खोली त्या उत्तरावर राखून ठेवलेली असते आणि तिचं भाडं कुणीतरी भरत असतं. एक फोन केला तर एका आईचा अर्धा हप्ता वाचेल.

येत्या हंगामात तुमच्या घरी सुपारी फुटणार असेल, तर यादीत ती एक ओळ घालाच, 'उतरण्याची सोय'. पुढं दोन रकाने आखा, बघणार कोण आणि देणार कोण. दोन्ही रकाने भरल्याशिवाय चहाचे कप उचलू नका.